लहान केलेला दावा: सोलापुरातील एका पेटंट-सल्ला सेवेचा अनुभव

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझे यंत्रमागाचे सुटे भाग बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, दोन वेल्डिंग सेट आणि नऊ माणसे एवढाच पसारा. जून २०२१ पासून मी शहरातील एका निवृत्त विधी प्राध्यापकांकडून पेटंटविषयक सल्ल्याची सेवा घेत आहे. ‘आपल्या जुगाडाला कोण पेटंट देणार’ असे म्हणून गप्प बसणारे वर्कशॉपवाले आपल्या गावात पुष्कळ आहेत, आणि ‘सगळ्यालाच पेटंट मिळते, पैसे भरा’ असे सांगणारे सल्लागार त्याहून अधिक आहेत, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहीत आहे. सरांचे नाव लिहायचे नाही, ही त्यांचीच अट आहे. नवी पेठेच्या बाजूला एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर ते बसतात, आणि गावातल्या तरुण वकिलांपैकी कोणालाही ‘पेटंटचे सर’ विचारले तर पत्ता मिळतो.

आधी वस्तू काय होती ते सांगतो, कारण त्याशिवाय सेवेचे मोल कळणार नाही. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) रूळ, असतात. ग्राउंड बीमचा ताणा ताठ असतो आणि पाईल बीमचा सैल. पहिले दोन पिक (आडवे धागे) विणलेल्या कापडाच्या कडेपासून थोड्या अंतरावर ठोकले जातात, तिसऱ्या पिकाबरोबर फणी तिन्ही पिक एकदम पुढे रेटते, आणि त्या रेट्याने सैल ताण्याचे लूप उभे राहतात. पाईल बीम भरलेला असतो तेव्हाचा ताण आणि तो संपत येतो तेव्हाचा ताण सारखा राहत नाही, म्हणून जुन्या मागांवर विणकर ब्रेकच्या दांड्यावरचे वजन मधूनमधून हाताने सरकवतो. जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्रपाळीला तो विसरला की टॉवेलाचे एक टोक मऊ आणि दुसरे बोडके निघते, आणि तो माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम प्रतीत, जातो. बीमवर टेकून राहणारा एक दांडा बसवून, बीम बारीक होत जाईल तसे वजन आपोआप सरकेल अशी योजना मी २०१९ मध्ये केली होती.

त्या वेळी दुसऱ्या एका सल्लागारामार्फत मी तात्पुरता अर्ज भरला. पावती मिळाली, ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली आणि ‘पेटंट झाले’ अशा समजुतीत मी वर्षभर राहिलो. तात्पुरत्या अर्जानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश, म्हणजे शोधाचे संपूर्ण लेखी वर्णन, द्यावा लागतो, नाहीतर अर्ज सोडून दिला असे धरले जाते, हे मला कोणी सांगितले नाही. फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर येई. मुदत गेली, पैसे गेले. लॅमिनेट केलेली ती पावती घेऊनच मी सरांकडे प्रथम गेलो.

सरांनी ती पाहिली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि विचारले, “ही वस्तू आजवर कुणाला दाखवलीत? विकलीत का?” मी सांगितले की विकलेली नाही, मात्र मार्चपासून मेहुण्यांच्या कारखान्यात दोन मागांवर चाचणीसाठी लावली आहे. यावर त्यांनी अर्धा तास फक्त त्या दोन मागांविषयी विचारले: कारखान्यात कोण येते, दार बंद असते का, मेहुण्यांनी पैसे दिले का, कोणी मोबाईलवर चित्रफीत काढली का. अर्जापूर्वी वस्तू लोकांसमोर आली किंवा विकली गेली तर तिचे नावीन्य संपते. मात्र अर्जाच्या आधीच्या एका वर्षात केवळ आवश्यक चाचणीपुरता उघड वापर झाला असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ३२ मध्ये त्याला संरक्षण आहे. मेहुण्यांचा कारखाना उघडा नव्हताच, तरीही सरांनी त्याच आठवड्यात त्यांच्याकडून गुप्ततेचा आणि चाचणीचा लेखी करार करून घेतला. पाहुण्यांकडून स्टॅम्पपेपरवर सही घ्यायची या कल्पनेने मी संकोचलो होतो. मेहुण्यांनी मात्र चहा पीत सही केली आणि ‘आमच्या चादरीच्या डिझाइनचे पण विचारा की’ असे सुचवले.

नंतर सरांनी संगणकावर जुने परदेशी दस्तऐवज काढले. एस्पासनेट ही युरोपीय पेटंट कार्यालयाची आणि भारतीय पेटंट कार्यालयाची शोधसुविधा या दोन्ही फुकट आहेत, पण त्यात काय आणि कोणत्या वर्गीकरणाखाली शोधायचे ते माहीत असावे लागते. वीस मिनिटांत पडद्यावर हाताने रेखलेले एक चित्र आले: बीम, बीमवर टेकलेला दांडा, सरकते वजन. माझ्या जन्माच्याही आधीचे. सर म्हणाले, “हे तुमचं नाही. तो जुना अर्ज बुडाला, त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. त्यात वाचवण्यासारखं काही नव्हतं.” ऐकायला कठीण होते, पण खरे सांगायचे तर त्या एका वाक्यासाठी मी त्यांची फी आनंदाने दिली असती. पहिल्या भेटीची फी त्यांनी घेतलीही, १,५०० रुपये.

सरांच्या पूर्वायुष्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या कामाची रीत त्यातूनच आली आहे. ते मुळात भौतिकशास्त्राचे पदवीधर. त्यानंतर कायदा शिकून विधी महाविद्यालयात शिकवू लागले. हा क्रम पुढे महत्त्वाचा ठरला, कारण आपल्याकडे पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, नुसती कायद्याची पदवी चालत नाही, आणि पेटंट कार्यालयाची परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. त्यांनी बौद्धिक संपदेचा ऐच्छिक विषय घेतला तेव्हा वर्गात सहा विद्यार्थी असत. १९९५ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला, त्याच वर्षी अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवले. सर सांगतात की त्या वर्षी त्यांचा वर्ग प्रथमच भरला. पुढे १ जानेवारी २००५ पासून औषधांसारख्या वस्तूंनाही उत्पादन-पेटंट मिळू लागले, १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाच्या प्रकरणात, ज्ञात औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(डी) चा अर्थ स्पष्ट केला, आणि हे सगळे त्यांनी शिकवता शिकवता पाहिले.

मधल्या काळात काही वर्षे ते एका अभियांत्रिकी संस्थेच्या तंत्रज्ञान-हस्तांतरण कक्षाचे काम पाहत होते. अमेरिकेत सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क विद्यापीठांना ठेवू देणारा बे-डोल कायदा १९८० मध्येच झाला. आपल्याकडे तशा धर्तीचे २००८ चे विधेयक २०१४ मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे संस्थेगणिक नियम वेगळे. त्या कक्षात त्यांनी पेटंट मिळालेले पण कोणी न घेतलेले शोध कपाटात पडलेले पाहिले. म्हणूनच बहुधा अर्ज लिहिण्याच्या आधीच ते विचारतात, “हे घेणार कोण?” आमच्याकडे ‘विकणार किती’ हा प्रश्न रोजचा असतो, पण तो कायद्याच्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला मौज वाटली.

आता मुख्य गोष्ट. दांडा माझा नव्हता, मग काय माझे होते? सरांनी माग पाहायचे ठरवले आणि एका दुपारी, उन्हाळ्यात बेचाळीस अंशांच्या तापात, मेहुण्यांच्या कारखान्यात दोन तास उभे राहिले. माग थांबवला की पाईलचा ताणा थोडा ढिला पडतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर टॉवेलावर एक आडवी रेघ उमटते. आमच्या चाचणीच्या मागांवर ती रेघ येत नव्हती. सरांनी कारण विचारले तेव्हा मी सहज म्हणालो की हँडल खाली पडताच बीम धरून ठेवणारी एक खिट्टी आहे, आणि ती त्याच दांड्याला जोडली असल्यामुळे बीम जेवढा भरलेला असेल तेवढ्याच जोराने धरते. सर एकदम वळले. “हे तुम्ही पहिल्या दिवशी का सांगितलं नाही?” मला ती खिट्टी म्हणजे किरकोळ गोष्ट वाटत होती.

मग दुसरा प्रश्न आला, जो मला टाळायचा होता. “खिट्टी कुणाला सुचली?” ती सुचली होती आमच्या जॉबरना, म्हणजे माग लावून दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मागावर आहेत, मराठीपेक्षा तेलुगूत अधिक बोलतात, आणि त्यांनी ती खिट्टी तुटलेल्या स्कूटरच्या ब्रेकच्या तुकड्यातून प्रथम बनवली होती. मी म्हणालो, अण्णा आमच्या पगारावर आहेत, वर्कशॉप माझे आहे. सर शांतपणे म्हणाले की अर्जदार वर्कशॉप असू शकते, पण शोधकर्ता म्हणून अण्णांचे नाव लिहावेच लागेल. आणि पगारावर आहेत म्हणून हक्क आपोआप माझ्याकडे येतो असे समजून चालणार नाही, अर्ज करण्याचा हक्क त्यांनी लेखी माझ्याकडे सोपवला पाहिजे. त्या लेखाचा मसुदा त्यांनी मराठीत केला, अण्णांच्या मुलाला बोलावून तेलुगूत समजावून द्यायला लावले, आणि त्यात ‘मोबदला’ या शब्दापुढची जागा कोरी ठेवून माझ्याकडे पाहिले. ती जागा मी भरली. किती ते येथे लिहीत नाही.

पूर्ण विनिर्देश इंग्रजीत झाला. कायद्याने तो हिंदीत वा इंग्रजीतच द्यावा लागतो. परंतु प्रत्येक दावा, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर हे सांगणारे वाक्य, सरांनी मला मराठीत उलगडून सांगितला आणि ‘यातला कोणता शब्द काढला तरी वस्तू चालेल?’ असे विचारून शब्द काढत गेले. माझ्या मसुद्यात सतरा दावे होते, त्यांनी नऊ ठेवले. दहापेक्षा अधिक दाव्यांना दर दाव्यामागे जादा शुल्क असते हे एक कारण. खरे कारण असे की उरलेले आठ दावे एखाद्या सुताराने बाजारातून विळा, कोयता, करवत सगळे आपल्याच नावावर मागावे तसे होते. दावा जितका पसरट, तितका तो जुन्या दस्तऐवजात अडकण्याचा धोका अधिक. या टप्प्यावर सरांनी १९७८ चा सर्वोच्च न्यायालयाचा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल वाचायला दिला. भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचे पेटंट त्यात रद्द ठरले, कारण ती सुधारणा वर्कशॉपमधल्या कुशल कारागिराच्या हातून सहज होण्यासारखी होती. लेथवाल्याने हा निकाल वाचावा आणि त्याला झोप लागावी, हे कठीण आहे.

तात्पुरता अर्ज ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, पूर्ण विनिर्देश जुलै २०२२ मध्ये. उद्यम नोंदणी असल्यामुळे लघुउद्योग म्हणून शुल्क व्यक्तीइतकेच, १,६०० रुपये लागले; लघुउद्योगाला जलद परीक्षणाची मागणी करता येते, तिचे ८,००० आणि लवकर प्रसिद्धीचे २,५०० वेगळे. सरांची मसुद्याची फी ३५,००० रुपये होती. पुण्याच्या आरेखकाने चित्रांचे ६,००० घेतले, आणि हा आकडा आधी न सांगता नंतर सांगितला गेला, ही माझी पहिली तक्रार आहे.

मार्च २०२३ मध्ये पहिला परीक्षण अहवाल आला. अपेक्षेप्रमाणे जुना दांडा समोर ठेवून परीक्षकांनी दोन आक्षेप घेतले होते: शोधाची पायरी नाही, म्हणजे जाणकाराला हे सहज सुचले असते, आणि कलम ३(एफ) प्रमाणे ही ज्ञात साधनांची नुसती मांडामांड आहे. त्या कलमातले शब्द महत्त्वाचे आहेत. प्रत्येक साधन एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपल्या ज्ञात पद्धतीने चालत असेल, तरच त्याला मांडामांड म्हणतात. सरांनी सगळे उत्तर या एका ‘स्वतंत्रपणे’वर उभे केले. दांडा एकटा काय करतो ते जुन्या कागदात आहे, खिट्टी एकटी काय करते तेही कोणी सांगेल, पण येथे खिट्टीचा जोर दांड्याच्या स्थितीवर ठरतो, म्हणून दोघे स्वतंत्र नाहीत. सोबत बारा बीमवरच्या टॉवेलांच्या लूपची मोजमापे जोडली. ती माझ्या मुलीने व्हर्नियरने घेतली, आणि त्या महिन्यात घरात टॉवेलाशिवाय दुसरा विषय नव्हता.

सुनावणी जानेवारी २०२४ मध्ये, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत लागली. ती मुंबई कार्यालयापुढे असली तरी व्हिडिओवरून झाली, त्यामुळे सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे रात्रीचे तिकीट वाचले. नियंत्रकांनी, म्हणजे निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांनी, विचारले की खिट्टी काढली तर दांडा तसाच चालेल का. सरांनी ‘होय’ म्हटले आणि मी खुर्चीत हललो. मग ते म्हणाले, “पण दांडा काढला तर खिट्टी चालणार नाही, भरलेल्या बीमला ती कमी धरील आणि रिकाम्या बीमचे धागे तोडील.” प्रश्न खरा असेल तर उत्तर खरेच द्यायचे, मग त्याच्यापुढे आपले म्हणणे मांडायचे, ही वर्गात चाळीस वर्षे उभे राहण्याची सवय असावी. शेवटी त्यांच्या सूचनेवरून आम्ही पहिला दावा आणखी अरुंद केला. एप्रिल २०२४ मध्ये पेटंट मिळाले. त्याच वर्षीच्या सुधारित नियमांमुळे शोधकर्त्याला वेगळे प्रमाणपत्र मागता येते. सरांनी अण्णांसाठी तो अर्ज स्वतः भरला आणि त्याची फी लावली नाही.

पेटंटनंतरचा भाग मला अधिक उपयोगी वाटला. इचलकरंजीच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला परवाना हवा होता. माझ्या मनात दोन अटी होत्या: स्प्रिंग त्यांनी माझ्याकडूनच घ्यावी, आणि त्यांनी केलेली प्रत्येक सुधारणा फुकट व केवळ माझी व्हावी. सरांनी दोन्हींवर रेघ मारली. कलम १४० प्रमाणे अशा अटी करारात घातल्या तरी त्या निरर्थक ठरतात, “आणि नसत्या ठरल्या तरी त्यांची सुधारणा तुमची कशी?” त्याऐवजी नगामागे रॉयल्टी, वर्षाला किमान ठरावीक रक्कम, आणि त्यांचे हिशेब वर्षातून एकदा पाहण्याचा हक्क असा साधा लेखी करार झाला. परवाना लेखी नसेल तर तो वैध नाही, आणि पेटंट कार्यालयात त्याची नोंद करून घ्यायची असते, हेही तेव्हाच कळले. परदेशी अर्जाचा मोह मला होता. सरांनी हिशेब मांडला की पेटंट वीस वर्षांचे असले तरी जुने शटल माग भराभर भंगारात चालले आहेत, तेव्हा पैसा परदेशी शुल्कात न घालवता चालू मागांवर वस्तू लवकर बसवावी. परवाना त्यांनी अनन्य, म्हणजे त्या एकाच कारखान्यापुरता, होऊ दिला नाही, त्यामुळे भिवंडीतही बोलणी करता आली.

मेहुण्यांच्या चादरीच्या डिझाइनचे काय झाले, हेही सांगतो, कारण हा गोंधळ सोलापुरात घरोघरी आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते इथल्या सर्व उत्पादकांचे सामाईक आहे, कोणा एकाचे पेटंट नव्हे. नक्षीसाठी डिझाइन नोंदणी असते, दहा वर्षांची आणि पुढे पाच वर्षे वाढणारी, परंतु ती बाजारात आणण्यापूर्वी करावी लागते. आणि नोंदणी करण्याजोगी नक्षी न नोंदवता मागावर पन्नासाहून अधिक वेळा उतरवली की तिचा कॉपीराइटही जातो. मेहुण्यांचा मोर तीन दिवाळ्या विकला गेला होता. सरांनी दहा मिनिटांत ‘गेले’ म्हणून सांगितले आणि फी घेतली नाही.

आता उणिवा. सर सकाळी अकरापूर्वी फोन घेत नाहीत आणि संदेशांना दोन-दोन दिवसांनी उत्तर देतात. छापील दरपत्रक नाही. जिना अरुंद व अंधारा आहे, अण्णांना गुडघ्यामुळे तो चढताना त्रास झाला. साध्या प्रश्नाचे उत्तर १९७० च्या कायद्यापासून सुरू होते आणि आपण ‘बरं’ म्हटले तरी थांबत नाही. सॉफ्टवेअरची कामे ते घेत नाहीत, कोर्टातले खटले तर नाहीच. त्यासाठी पुण्या-मुंबईचे नाव सुचवतात. एका वेळी ते मोजकीच कामे हाती घेतात, म्हणून सध्या नव्या माणसाला दीड-दोन महिने थांबावे लागते. घाई असलेल्याने, म्हणजे पुढच्या आठवड्यात प्रदर्शनात वस्तू मांडायची आहे अशाने, भेटीची वाट न पाहता निदान वस्तू झाकून ठेवावी आणि फोनवर तेवढे विचारून घ्यावे. तेवढे ते फोनवर सांगतात.

तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंतचे नूतनीकरण शुल्क आमच्या वर्गाला वर्षाला ८०० रुपये आहे. त्याच्या तारखा सरांनी माझ्या वर्कशॉपमधल्या कॅलेंडरवर नव्हे, अण्णांच्या डायरीत लिहून दिल्या आहेत. माझी भिंत त्यांनी पाहिली होती.